एक अखंड तास कुठून आणायचा?

या लेखातले मामा आणि भाची कल्पित आहेत. त्यांचा वाद मात्र आर्वी, आष्टी, कारंजा या वर्धा जिल्ह्याच्या उत्तरेकडच्या तालुक्यांत शिक्षकांच्या घरोघरी चालतो. मामा जिल्हा परिषदेच्या शाळांत आयुष्यभर शिकवून केंद्रप्रमुख म्हणून निवृत्त झाले, आता आर्वीत राहतात. भाची तालुक्यातल्याच एका दोनशिक्षकी शाळेत आहे. पहिली ते चौथी, दोन खोल्या, पट तीसच्या आतबाहेर. दुसऱ्या सरांकडे मुख्याध्यापकाचा प्रभार आहे, म्हणून चारही इयत्ता पुष्कळदा तिच्या एकटीच्या अंगावर येतात. शैक्षणिक मानसशास्त्र अशा शाळेत खरोखर वापरता येतं का, एवढाच प्रश्न दोघांपुढे होता.

मामा : आम्हालेही डी.एड.ला मानसशास्त्राचा पेपर होता. थॉर्नडाइकची पेटीतली मांजर, पावलोवचा कुत्रा, कोहलरचा सुलतान नावाचा चिंपांझी. पाठ केलं, पास झालो. पहिली नेमणूक मिळाली ती एका खोलीत चार वर्ग असलेल्या शाळेवर. पहिलीतलं लेकरू रडून राहिलं, चौथीतलं भागाकारात अडकलं, अन् दोघंही माझ्याकडेच पाहून राहिले. त्या पेपरातलं एक अक्षर मले तिथं आठवलं नाही. म्हणून म्हणतो, हे शास्त्र मोठ्या शाळांचं आहे. आधी शिक्षक द्या, खोल्या द्या, मग शास्त्र सांगा.

भाची : मामा, तुम्हाला जे शिकवलं त्यात प्राणी जास्त होते, वर्ग कमी होता. मी वापरते त्यातलं एक सांगते. मेरी बड रो नावाच्या अमेरिकन संशोधक बाईंनी १९७० च्या दशकात वर्गांतल्या बोलण्याच्या ध्वनिफिती ऐकल्या आणि मोजलं, की प्रश्न विचारल्यावर शिक्षक उत्तरासाठी किती वेळ थांबतो. साधारण एक सेकंद. तेवढ्यात उत्तर आलं नाही तर तो दुसऱ्याला विचारतो, नाहीतर स्वतःच सांगून मोकळा होतो. हेच थांबणं तीन सेकंदांवर नेलं तर उत्तरं लांब यायला लागतात, एरवी गप्प बसणारी मुलं बोलतात, मुलं स्वतःहून प्रश्न विचारतात. याला ना खोली लागते, ना निधी.

मामा : सेकंद लागतात ना! एका इयत्तेसाठी तू थांबली, तेवढ्या वेळात बाकीच्या तीन इयत्तांकडे कोण पाहील?

भाचीनं तो प्रश्न तेव्हा ओलांडला. मला वाटतं, सगळ्या वादाचं मूळ त्याच प्रश्नात होतं. ती पुढं गेली ते आपल्या वर्गातल्या वस्तूंकडे.

भाची : दशक-एकक शिकवायला मी दुकानातून काही आणलं नाही. पऱ्हाटीच्या काड्या तोडल्या, दहा-दहाचे गठ्ठे सुतळीनं बांधले. सुटं मोजायला सरकी. मूल आधी गठ्ठा सोडतं, बांधतं. मग पाटीवर रेघांनी गठ्ठे काढतं. आकडा त्यानंतर. जेरोम ब्रूनर यांनी १९६० च्या दशकात हाच क्रम मांडला होता. आधी हातानं करणं, मग चित्र, शेवटी चिन्ह. वजाबाकीत जे मूल अडतं त्याला मी आकडे पुसायला लावते आणि गठ्ठा सोडायला देते. गठ्ठा सुटला की दहा काड्या समोर येतात.

मामा : याच्यासाठी ब्रूनर कायले पाहिजे? २२ अन् २३ ऑक्टोबर १९३७ ले वर्ध्यात शिक्षण परिषद भरली, गांधीजी अध्यक्ष. इथून पन्नासेक किलोमीटरवर. तिथून झाकीर हुसेन समिती झाली. तिनं आपल्या अहवालात हस्तोद्योगातून शिक्षणाची बाजू मांडताना मानसशास्त्राचंच कारण दिलं. नुसत्या पुस्तकी शिक्षणाचा जाच लेकरावरून उतरतो, हात अन् डोकं संगंसंग चालतात. सेवाग्रामले आर्यनायकम् अन् आशादेवींनी ती शाळा चालवून दाखवली. टकळीवर सूत निघालं की त्याची लांबी मोजा, वजन करा, कापूस किती लागला अन् वाया किती गेला ते काढा. गणित तिथंच. साधन कोणतं? कापूस. तो आपल्या तालुक्यात वावरोवावरी आहे.

भाची : त्याच परिषदेत के. टी. शहांनी हरकत घेतली होती, तीही सांगा. मुलांच्या कामातून शाळेचा खर्च निघावा ही अपेक्षा त्यांना पटली नव्हती. मलाही पटत नाही. वेचणीच्या दिवसांत माझ्या वर्गातली कितीतरी मुलं आईबरोबर वावरात असतात. बोंडाच्या टोकांनी ज्यांची बोटं खरचटलेली आहेत, त्यांच्या हातात शाळेनं पुन्हा कापूसच द्यायचा? हातकाम ज्याच्या घरी कोणी करत नाही त्या मुलाला ते नवं असतं. इथल्या आया मला सांगतात, मॅडम, आमच्या लेकराला वाचता आलं पाहिजे.

मामा : म्हणजे कापूस वर्गाबाहेर?

भाची : कापूस बाहेर, कापसाचा हिशेब आत. चौथीतल्या एका मुलाला मी विचारलं, आईनं अठरा किलो वेचला, किलोला बारा रुपये, तर मजुरी किती? तो वर बघत म्हणाला, दहाचे एकशेऐंशी, दोनाचे छत्तीस, दोनशे सोळा. तोच गुणाकार फळ्यावर उभा मांडून दिला. आठ दुणे सोळा, सोळा लिहिले. एक एके एक, तो डावीकडे लिहिला. उत्तर एकशे सोळा. त्याला ते चूक वाटलंही नाही.

इथे मी थोडा थांबतो, कारण या एका प्रसंगात शैक्षणिक मानसशास्त्राचा एक मोठा भाग सामावलेला आहे. १९८५ मध्ये टेरेझिन्हा नुनेस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ब्राझीलमधल्या रेसिफे शहरात रस्त्यावर नारळ, फळं विकणाऱ्या मुलांचा अभ्यास प्रसिद्ध केला. गिऱ्हाईक बनून विचारलेल्या हिशेबांपैकी ९८ टक्के बरोबर आले. त्याच मुलांना तेच आकडे कागदावर नुसती उदाहरणं म्हणून दिले, तेव्हा ३७ टक्केच बरोबर आले. चाळीस वर्षांनी, २०२५ मध्ये, ‘नेचर’ या नियतकालिकात कोलकाता आणि दिल्लीतल्या मुलांवरचा अभ्यास आला, त्यात अभिजित बॅनर्जी आणि एस्तेर डुफ्लो यांचा सहभाग होता. बाजारात काम करणारी मुलं तोंडी हिशेबात पक्की आणि शाळेच्या मांडणीत अडखळणारी निघाली. शाळेत नियमित जाणारी मुलं कागदावर ठीक होती, पण बाजारातल्या हिशेबात अडली. एका जागचं ज्ञान आपोआप दुसऱ्या जागी जात नाही, ते नेऊन पोचवावं लागतं. आर्वीच्या त्या मुलानं डोक्यात बाराचे दहा आणि दोन असे भाग केले होते. फळ्यावरच्या उभ्या गुणाकारातही तेच भाग दडलेले असतात. ते दोन्ही एकच आहे हे त्याला दाखवणारं माणूस लागतं. वस्तू कितीही दिल्या तरी ते काम वस्तू करत नाहीत.

मामांनी मग पाढ्यांचा विषय काढला. पावकी, निमकी, दिडकी म्हणणाऱ्या पिढीला आता घोकंपट्टी म्हणून हिणवतात, याचा त्यांना राग आहे. भाचीनं इथं त्यांना विरोध केला नाही. मनात एका वेळी थोडंच मावतं, सात आठे छप्पन्न आपोआप आठवलं तर उरलेली जागा उदाहरणाकडे लावता येते, हे तिलाही मान्य. तिची भर एवढीच, की सगळ्यांनी एका सुरात म्हटल्यानं कोणाला येत नाही ते कळत नाही. रोडिगर आणि कार्पिकी यांनी २००६ मध्ये दाखवलं, की पुन्हा पुन्हा वाचण्यापेक्षा पुस्तक मिटून आठवण्यानं शिकलेलं जास्त टिकतं. म्हणून ती रोज सकाळी पाटीवर तीनच प्रश्न घेते. एक कालचा, एक मागच्या आठवड्याचा, एक मागच्या महिन्याचा. गुण नाहीत. ज्याचं त्यानं तपासायचं. वेचणीत शाळा बुडालेल्या मुलांना याचा सगळ्यांत जास्त उपयोग होतो, असं ती सांगते.

वाद पुन्हा तापला तो जातीवरून.

भाची : कार्ला हॉफ आणि प्रियांका पांडे यांनी उत्तर प्रदेशात सहावी-सातवीच्या मुलांना कागदावरचे भूलभुलैये सोडवायला दिले होते. जात जाहीर केली नाही तेव्हा दलित मुलं आणि उच्चवर्णीय मुलं जवळजवळ बरोबरीनं होती. मग दुसऱ्या गटांत सुरुवातीलाच प्रत्येकाचं नाव, वडिलांचं नाव, गाव आणि जात सगळ्यांसमोर वाचली. लगेच दलित मुलांची कामगिरी घसरली. मुलं तशीच, कोडीही तशीच. ते वाचल्यापासून शिष्यवृत्तीची यादी मी वर्गात वाचत नाही. कागदपत्रं हवी असली तर पालकांना घरी जाऊन सांगते.

मामा : हे तू बरोबर करून राहिली. आम्ही त्या याद्या वर्गात उभं राहून वाचल्या, सगळ्यांनीच वाचल्या, कोणाच्या मनात आलं नाही. पण मग एक सांग. तू वाचनाचे गट पाडते ना? अक्षरवाले, शब्दवाले, परिच्छेदवाले, गोष्टवाले?

भाची : हो. ‘प्रथम’ या संस्थेची पद्धत आहे. इयत्ता बाजूला ठेवायची, मूल जिथं आहे तिथून शिकवायचं. त्यांच्याच बालसखी उपक्रमात २००१ ते २००३ या काळात मुंबई आणि वडोदऱ्याच्या महापालिका शाळांत मागं पडलेल्या मुलांना वस्तीतल्याच तरुण मुलींनी रोज वेगळं बसवून शिकवलं. त्याचा काटेकोर अभ्यास झाला आणि फरक दिसला. चौथीतल्या मुलाला अक्षरं येत नसताना चौथीचं पुस्तक समोर धरणं हा त्याच्यावर अन्याय आहे.

मामा : अन् चौथीतल्या पोट्ट्याले पहिलीच्या पोराजवळ अक्षरगटात बसवणं? सगळ्या गावाले कळते तो कोणत्या गटात आहे ते. जात वाचली तर लेकरू खचते म्हणते, अन् गट वाचला तर नाही खचत? बहुतेक वेळा त्या शेवटच्या गटात कोणाची लेकरं असतात, तेही तुले माहीत आहे.

मला इथं मामांचं म्हणणं वजनदार वाटलं. पातळीनुसार गट पाडण्याचे फायदे मोजलेले आहेत, पण गट कायमचा झाला की तो शिक्का होतो. शिक्षकाची अपेक्षा मुलाच्या प्रगतीला वळण देते, हे रोझेनथाल आणि जेकबसन यांनी १९६८ मध्ये मांडलं. त्या परिणामाच्या आकाराबद्दल पुढं वाद झाले, पण ‘ढ’ म्हणून मागच्या बाकावर बसलेल्या कोणालाही त्याची दिशा वेगळी समजावून सांगावी लागत नाही. भाची क्षणभर गप्प झाली, मग तिनं जे सांगितलं ते तपशिलाचं होतं. गट दिवसातून एकच तास. गणितातले गट वेगळे, वाचनातले वेगळे, म्हणजे एकच मूल दोन ठिकाणी असतं. गटांना पातळीची नावं नाहीत. दर पंधरवड्याला ती एकेका मुलाला जवळ बसवून वाचून घेते आणि गट बदलते. चौथीचा मुलगा अक्षरगटात असला तरी काड्यांचे गठ्ठे पहिलीला तोच समजावतो.

मामा : दर पंधरवड्याले एकेका लेकराचं वाचन ऐकते? होते का?

भाची : ठरवलेलं आहे. होतंच असं नाही. मतदार यादीचं काम आलं की राहतं. पोषण आहाराची रोजची माहिती भरायची, यू-डायस, आधारची जोडणी, गणवेश, प्रशिक्षण. मोठे सर बैठकीला गेले की दोन्ही खोल्या माझ्याकडे. ऐकायचं राहिलं की गट बदलत नाहीत. आणि गट बदलले नाहीत की तुम्ही म्हणता तेच होतं.

आपलं उत्तर कोणत्या अटीवर उभं आहे, हे तिनंच सांगून टाकलं होतं. मामांनी त्याचा फायदा उठवला नाही. ते दुसऱ्याच वाटेनं गेले.

मामा : आपल्याच राज्यात पाय. ताराबाई मोडकांनी १९२६ ले नूतन बालशिक्षण संघ काढला, पुढं १९४५ ले बोर्डीत खेड्यातल्या लेकरांसाठी केंद्र काढलं, अनुताई वाघ त्यांच्यासंगं. मॉण्टेसरीचं साहित्य महाग, म्हणून शिंपले, बिया, पानं, दगड. लेकरं शाळेत येत नाहीत, तर शाळा वस्तीच्या अंगणात. गुरं चारणाऱ्यांसाठी कुरणात शाळा. साधन नव्हतं म्हणून अडलं नाही. पण त्या दोघी तिथून उठून आधारची जोडणी कराले गेल्या नाहीत. जन्म तिथंच काढला.

भाची : म्हणजे साधनांशिवाय चालतं, हे तुम्ही आता मान्य करता.

मामा : साधनांशिवाय चालते. माणसाशिवाय नाही चालत. सुरुवातीपासून तेच म्हणून राहिलो.

या जागी मला सोमालियाची आठवण होते. तिथं २१ ऑक्टोबर १९७२ रोजी सोमाली भाषेला अधिकृत लिपी मिळाली. दोनच वर्षांनी, १९७४-७५ मध्ये, सरकारनं शहरांतल्या वरच्या वर्गांच्या शाळा बंद ठेवून हजारो विद्यार्थी आणि शिक्षक भटक्या पशुपालकांकडे पाठवले. उंट-शेळ्यांच्या कळपांबरोबर फिरत त्यांनी लिहायला-वाचायला शिकवलं, तेही भीषण दुष्काळाच्या वर्षात. तिथल्या कुराणशाळांत मुलं पिढ्यान्‌पिढ्या लाकडी पाटीवर लिहीत आलेली होती, त्यामुळे लिहिण्याचं साधन दुर्मीळ म्हणून ते थांबले नाहीत. १९९१ मध्ये राज्यव्यवस्था कोसळली आणि सरकारी शाळा जवळपास नाहीशा झाल्या. त्यानंतर पालकांनी फी गोळा करून, गावसमित्यांनी आणि बाहेरच्या संस्थांनी मिळेल तिथं शाळा उभ्या केल्या. पाट्या तेव्हाही होत्या. रोज येणारा, पगार मिळणारा, उद्याही तिथंच असणारा शिक्षक नव्हता. आर्वीची अवस्था त्याच्या जवळपासही नाही, इथं शिक्षकाचा पगार होतो, दुपारी मुलांना खिचडी मिळते. पण कोणती उणीव भरून काढता येते आणि कोणती येत नाही, हा भेद दोन्हीकडे सारखाच आहे.

आणि तो भेद करायला मानसशास्त्रच मदत करतं, असं माझं म्हणणं आहे. २०१३ मध्ये आनंदी मणी, सेंधिल मुल्लैनाथन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘सायन्स’मध्ये तमिळनाडूतल्या ऊस शेतकऱ्यांचा अभ्यास मांडला. तोच शेतकरी तोडणीआधी, हातात पैसा नसताना, बुद्धीच्या चाचण्यांत कमी पडतो, आणि तोडणीनंतर त्याच चाचण्यांत सुधारतो. ओढगस्त माणसाच्या लक्षाचाच एक भाग खाऊन टाकते. कपाशीच्या पट्ट्यातल्या पालकांना हे वेगळं सांगायला नको. पण हाच न्याय शिक्षकालाही लावून पाहावा. जिच्या मनात चार इयत्ता, दोन खोल्या आणि आज भरायची माहिती आहे, ती प्रश्न विचारून तीन सेकंद थांबेल कशी? थांबणं फुकट आहे हे भाचीचं म्हणणं खरं. थांबू शकणारं मन फुकट येत नाही. कमी साधनांत जमवून घ्या, असं शिक्षकाला सांगणाऱ्यानं आधी याचा विचार करावा. खडू, सरकी, पऱ्हाटी यांच्यावर भागतं, आणि ज्याच्यावर भागत नाही ते शिक्षकाचं अखंड लक्ष. शाळेत कोणतीही बचत करावी, त्याची करू नये.

भाची : मग मी काय करू? दुसरं शास्त्र शिकू?

मामा : कायदा शीक. शिक्षण हक्क कायद्याचं कलम २७ काढ. जनगणना, आपत्ती अन् निवडणूक सोडली तर शिक्षकाले अशैक्षणिक काम देता येत नाही. मतदार यादी निवडणुकीत बसते, ते सोडून दे. बाकीच्या भरणीचं काय? अन् त्याच कायद्याची अनुसूची वाच. साठ पटापर्यंत दोन शिक्षक. कायदा डोकी मोजते, इयत्ता मोजत नाही. तीस लेकरं एका इयत्तेत असली काय अन् चार इयत्तांत वाटली गेली काय, त्याच्या लेखी सारखंच. तुले भांडायचं असेल तर इथं भांड.

भाची : अर्ज केले की फायलीत राहतात, मामा. आणि कमी पटाच्या शाळा एकत्र करायचं बोलणं चालूच असतं. जास्त बोललो तर शाळाच बंद करतील, असं मोठे सर म्हणतात.

मामा : म्हणून मोठं काही मागू नको. एक तास माग. प्रार्थना झाली की एक तास. त्या तासात बैठक नाही, फोन नाही, माहिती नाही, कोणी साहेब आले तरी ते वर्गात मागं बसतील. केंद्रातल्या सगळ्या शाळांसाठी माग, एकटीसाठी नको. अन् आधी वही ठेव. वर्गातून उठली की वेळ लिही, कारण लिही, परत किती वाजता आली ते लिही. महिनाभराची वही पाहून कोणी नाही म्हणू शकत नाही. केंद्रप्रमुख असताना मीच अशा वह्या मागत होतो, पण लेकरांच्या.

भाची : मोठ्या सरांची सही मिळेल?

मामा : त्यांच्याआधी शाळा व्यवस्थापन समितीचा ठराव घे. त्यात पालक जास्त, अन् अर्ध्या बाया असल्याच पाहिजेत. ठराव झाला की सर नाही म्हणणार नाहीत.

भाची : आता वेचणीच्या तोंडावर बैठक लावली तर आया येणार नाहीत. आल्या तरी डोक्यात सावकाराचं देणं असेल.

मामा : मग?

भाची : शाळेत बोलावणार नाही. संध्याकाळी वस्तीवर जाईन, चुली पेटायच्या आधी. विषय एकच ठेवीन, कागदही एकच. मोठ्या अक्षरांत लिहीन, आणि गोष्टीच्या गटातल्या मुलींना तो आयांपुढं वाचायला लावीन.

मामा : तारीख टाक त्याच्यावर. बिनतारखेचा ठराव पंचायत समितीत कोणी हातात घेत नाही.